रजईतून उरलेले २३ चौकोन, त्यातले ९ लहान. काय करू?

सुई_हिरावाडी

नमस्कार मंडळी. नाशिकला पंचवटीत हिरावाडीला राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, २६ वर्षं झाली. ब्लाउजवालीच्या घरात काय साठतं ते सांगायला नको. कात्रणं! टू बाय टूची (ब्लाउजचं साधं कापड), खणाची, अस्तराची. येवल्याच्या पैठणीतला ब्लाउजपीस कापला की बोटभर तुकडा उरतो, तोसुद्धा टाकवत नाही. दोन पोती भरली तेव्हा नवरा म्हणाला, आता एक तर पोती राहतील नाहीतर मी.

लेकीने पुण्यात फ्लॅट घेतला. म्हटलं तिला रजई करू. समोरच्या मंदाताई आणि त्यांच्या जाऊबाई, अशा आम्ही तिघी रोज दुपारी बसायला लागलो. ९ तुकड्यांचा एक चौकोन, प्रत्येक तुकडा साडेचार इंच. कापायचं काम मी कोणाला दिलं नाही, पुठ्ठ्याचा साचा करून सगळं मीच कापलं. शिवून झाला की चौकोन साडेबारा इंच भरायचा आणि रजईत जोडल्यावर १२ चा राहायचा. ६ गुणिले ७, म्हणजे ४२ चौकोन ठरले होते.

मग लेकीचा फोन: आई, पलंग तेवढा रुंद नाहीये, ५ च्या ओळी कर. म्हणजे ३५ पुरे. तोवर इकडे गप्पांच्या नादात कोणी मोजलंच नव्हतं. मोजले तर ५८! त्यातले मापात बसणारे, दिसायला चांगले ३५ मी रजईत घातले. रजई पुण्याला गेली, लेक खूश आहे. आता कपाटात २३ उरलेत. १४ बरोबर साडेबाराचे, ६ बाराचे आणि ३ तर पावणेबाराचे.

खरी अडचण पुढे आहे. लहान भरलेले नऊच्या नऊ मंदाताईंचे आहेत. त्यांना हे माहीत नाही. रोज ४ वाजता चहाला येतात आणि विचारतात, "उरलेल्यांचं काय करतेस गं?" ३ महिने डोळे फोडून शिवलेत त्यांनी. त्यांच्यासमोर उसवणार कशी? आणि उसवलं तरी टू बाय टूच्या कडा इतक्या सुटल्यात की माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायची कड, राहणार नाही.

मोठ्यात मोठं काय होईल तेवढं सांगा. उशांचे अभ्रे सुचवू नका, घरात ११ आहेत. टेबल रनरही नको. आमच्याकडे टेबल एकच आहे आणि त्यावर ओव्हरलॉक मशीन आहे.

पल्लवी_गंगापूररोड

काकू, किती छान! जानेवारीत हळदीकुंकू आहेच ना? प्रत्येक चौकोनाला मागून जुनी जीन्स लावा, चारही बाजूंनी पायपिंग करा, झालं पूजेचं आसन. २३ वाणं तयार! लहानमोठी असली तरी प्रत्येकीला एकच मिळणार, शेजारी ठेवून बघणार कोण? गरम पातेली उतरवायची जाड फडकीपण होतील.

सुई_हिरावाडी

पल्लवी, वाणाची कल्पना आवडली, पण आमच्या गल्लीत ६० जणी येतात. २३ जणींना आसन आणि बाकीच्यांना प्लॅस्टिकची गाळणी दिली तर पुढचं वर्षभर मला कोणी ब्लाउज टाकणार नाही. आणि पातेल्याची फडकी अजिबात नको. ५-६ चौकोनांत सॅटिनच्या अस्तराचे तुकडे आहेत. ते पॉलिएस्टर, गरम पातेल्याला लागलं तर वितळून चिकटेल. तुझ्याकडे अशी फडकी केलेली असतील तर एक धागा काढून जाळून बघ. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते.

टूलरूम_अंबड

ताई, मी शिवत नाही. अंबडला टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त. बायको गोधड्या करते आणि मोजायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून बोलतो.

आधी कारण. सगळे तुकडे तुम्हीच कापलेत, म्हणजे कापण्यात चूक नाही. चूक मायेत आहे. तुमची माया २ सूत, म्हणजे पाव इंच. मंदाताई मशीनच्या पायाची (सुईखाली कापड दाबून धरतो तो) कड धरून शिवत असणार आणि त्यांच्या मशीनचा पाय रुंद असणार. त्या ३ सूत घेतात. एका ओळीत ३ तुकडे म्हणजे २ शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचं एकेक सूत जादा गेलं. झाले ४ सूत, अर्धा इंच. साडेबाराचे बारा झाले. पावणेबाराचे ३ साडेतीन सुतांवर गेलेत, ते बहुतेक शेवटचे, घाईतले असतील. पुढच्या वेळी सुईपासून २ सूत मोजून मशीनच्या पाटीवर चिकटपट्टीचे चार-पाच थर लावा. कापड त्या कडेला टेकवून चालवायचं, पायाकडे बघायचंच नाही.

आता उपाय. सगळ्यांना, म्हणजे चांगल्या १४ लासुद्धा, चारही बाजूंनी २ इंची साधी पट्टी जोडा. साडेबाराचा साडेपंधरा होईल, बाराचा पंधरा, पावणेबाराचा पावणेपंधरा. मग सगळे साडेचौदावर छाटा. मोठ्याचे दर बाजूला ४ सूत जातील, मधल्याचे २, लहानाचं १. जोडून झाल्यावर पट्टी कुठे इंचभर दिसेल, कुठे इंच आणि ३ सूत. रंगीबेरंगी कात्रणांच्या कडेला एवढा फरक डोळ्याला कळत नाही. मला कळेल, पण मी पंचवटीत येत नाही.

खरी गंमत मांडणीत आहे. सरळ ओळीत लावले तर २३ चं काही होत नाही, तो आकडाच अडेलतट्टू. ४ गुणिले ५ केले तर ३ उरतात. पण चौकोन तिरपे, शंकरपाळ्यासारखे लावा. ३ गुणिले ३ चे ९ आणि त्यांच्यामधल्या जागांत ४, असे १३ चं एक मोठं. २ गुणिले २ चे ४ आणि मधोमध १, असे ५ चं एक छोटं. १३ अधिक ५ अधिक ५, बरोबर २३. एकही उरत नाही.

चौकोन जोडून १४ इंची राहणार. त्याचा कर्ण म्हणजे १४ गुणिले १.४१४, जवळजवळ १९.८. मोठं भरेल ३ कर्णांचं, साधारण साडेएकोणसाठ इंच. छोटं २ कर्णांचं, साडेएकोणचाळीस. कडेला जे त्रिकोणी खड्डे राहतात त्यात साधं कापड. त्यासाठी २१ इंची चौकोन कापून दोन्ही कर्णांवर कापा, एकाचे ४ त्रिकोण होतात. मोठ्याला असे ८ लागतात, छोट्याला ४. कोपऱ्यांसाठी ११ इंची चौकोन घेऊन एकाच कर्णावर कापा, २ होतात. २१ वाल्याला दोन कर्ण आणि ११ वाल्याला एक, यात उलटसुलट करू नका. असं कापलं तर बाहेरच्या कडेला सरळ धागा येतो. उलट झालं की उरेब, म्हणजे ताणली जाणारी तिरपी बाजू, बाहेर येतो आणि कड लाटेसारखी होते. बायकोची एक अशी झालेली आहे. ती आता स्कूटरवर घालतो.

४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड त्रिकोणांना २ मीटर आणि पट्ट्यांना २ मीटर धरा. थोडं उरेल, उरू द्या.

निफाडकर

मध्येच बोलतो. थंडीत आमच्याकडे रात्री बागेत शेकोट्या करून बसावं लागतं, नाहीतर द्राक्षमणी तडकतात. असलं काहीतरी पांघरायला मिळालं तर देव पावला. पण साडेएकोणसाठ इंच म्हणजे ५ फूटसुद्धा नाही. डोकं झाकलं तर पाय उघडे.

टूलरूम_अंबड

बरोबर. डोक्याकडे आणि पायाकडे फूट-फूटभर साधी पट्टी लावा, साडेत्र्याऐंशी होईल. बाजूंना लावू नका, एकट्यापुरतं तेवढंच बरं. कापड मात्र आणखी घ्यावं लागेल.

सिन्नरची_माई

नात टाइप करतेय, मी सांगतेय.

दादांचं गणित चोख आहे. पण गोधडीला एवढं गणित लागतं हे मला ७४ व्या वर्षी कळलं. जनाबाईच्या वाकळीला कोणी टेप लावली होती का? देवाने आपला शेला तिथे ठेवला आणि तिची वाकळ पांघरून गेला म्हणतात, तिचे कोपरे बघितले नसतील त्याने.

पोरी, चौकोनाला चौकोन जोडायचा ही पद्धत मशीनवाल्यांची. आमच्याकडे जोडत नाहीत, मांडतात. जुनं सुती नऊवारी घे, धुऊन मऊ झालेलं. घडी घालून जमिनीवर ताणून पसर. चारी कोपऱ्यांना काहीतरी वजनदार ठेव, मी वरवंटा आणि इस्त्री ठेवते. त्यावर आणखी एक लुगडं. मग तुझे चौकोन वरून मांड. लहान असला तर बाजूला फट राहील, राहू दे. फटीवर लुगड्याच्या काठाची पट्टी टाक, कडा नखाने आत मोड आणि मोठ्या सुईने धावदोरा घालत जा. बाहेरच्या कडेपासून सुरू करायचं, फिरत फिरत मध्ये यायचं, ओळी बोटभर अंतराने. मधून सुरू केलंस तर कापड बाहेर सरकतं आणि कडेला फुगा येतो. दोरा जाड, सुती. टाका वर आला तेवढाच खाली गेला पाहिजे, एवढं एकच माप.

सगळे नको करूस. नऊच कर, तुझ्या त्या मंदाताईचे. लहानाला लहान शेजारी आला की कोण लहान म्हणणार?

आणि दादांनी एक सांगितलं नाही. मोजायच्या आधी भिजवा! कात्रणं धुतलेली नाहीत ना? सुती तुकडा पहिल्या पाण्यात आटतो, सॅटिन आटत नाही. रजई झाल्यावर धुतलीस तर एकाच चौकोनात एक तुकडा ओढलेला आणि दुसरा फुगलेला. आत्ताच बादलीत बुडवून काढ. पिळू नको, कडा सुटतील. पंचावर आडवे घालून वाळव, इस्त्री कर आणि मग टेप काढ. खणाचा लाल रंग जातो, ते वेगळे भिजव. आधी ओलं पांढरं फडकं घासून बघ. छोट्याचं बाळाला दुपटं केलंस तर त्यात खण घालू नको, टोचतो. आत कापूसही भरू नको, पावसाळ्यात दुपटं वाळायला ३ दिवस लागले तर बाळंतीण तुझ्या नावाने खडे फोडेल. दोन जुन्या सुती साड्या पुरतात.

टूलरूम_अंबड

माई, भिजवायचं राहिलंच. कान पकडतो.

सुई_हिरावाडी

सगळ्यांना उत्तर द्यायला ३ आठवडे लागले. लग्नसराईचे ब्लाउज होते, रात्री १ वाजेपर्यंत मशीन. काय काय झालं ते सांगते.

पहिल्यांदा माईंचं ऐकलं. २३ भिजवले. खणाचे ४ वेगळे, आणि बरं झालं, बादली कुंकवासारखी झाली. वाळल्यावर मोजले तर साडेबाराचे होते त्यातले ५ सव्वाबारावर आलेले! त्यांना न भिजवताच पट्टी लावली असती तर? पुण्याची रजई न भिजवताच गेलीय, ते लेकीला अजून सांगितलेलं नाही. तिला म्हटलंय ड्रायक्लीनच कर.

मग दादांच्या हिशेबाने पट्ट्या. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर एकाकडे फिकट पिवळसर सुती कापडाचे कटपीस मिळाले. साडेतीन मीटर, एकाच ताग्यातले. ४ मिळाले नाहीत, म्हणून दुसऱ्या छोट्याचे त्रिकोण माझ्या जुन्या हातमागाच्या साडीतून काढायचे ठरवले. २३ चौकोनांना पट्ट्या लावायला ४ दुपारी गेल्या. लावताना मंदाताई शेजारी बसलेल्या. मी तयारीत होते. विचारलं असतं तर म्हणणार होते की हल्ली अशीच फॅशन आहे, सगळ्यांनाच लावतात. खोटं नव्हतं, सगळ्यांना लावतच होते.

त्यांनी विचारलं नाही. १३ चं मोठं ओट्यावर मांडलं तेव्हा बघत राहिल्या. तिरपं लावल्यावर खरंच वेगळंच दिसतं हो. तेच चौकोन, तीच कात्रणं, पण रजईपेक्षा हे उठून दिसतं. कडेला साधं पिवळसर कापड आलं ना, त्यामुळे डोळ्याला दम खायला जागा मिळते. खणाचे चारही मध्ये घेतले. निफाडकर दादा, लांबीची पट्टी लावलेली नाही, कापडच नव्हतं. पण सासरे खुर्चीत बसून पेपर वाचतात तेव्हा गुडघ्यावर घेतात, आणि परवाच्या थंडीत कोणाला हात लावू दिला नाही.

५ चं एक दुपटं झालं, भाचीला ७ वा महिना आहे, तिच्यासाठी. सगळं सुती, आत दोन साड्या. राहिले ५. ते पाचही मंदाताईंचे, योगायोग म्हणा नाहीतर मीच शेवटी ढकलत आणले म्हणा. छाटायला घेतले आणि मंदाताई म्हणाल्या, "थांब. ते नको छाटू." पदराआडून स्टीलची फूटपट्टी काढली, नातवाची. एका चौकोनावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझे लहान आहेत ते मला श्रावणातच कळलंय. तू सांगशील म्हणून थांबले होते."

मला बोलताच येईना. चहा ठेवायला उठले.

मग मी त्यांना माईंची पद्धत वाचून दाखवली. त्या हसल्या. त्यांच्या आईची पद्धत हीच! चांदवडकडच्या आहेत त्या. ३ महिने माझ्यासोबत मशीनवर बसल्या आणि एकदाही बोलल्या नाहीत, कारण मी "तुकडा असा धर, तसा धर" सुरूच ठेवलं होतं. ते ५ त्या घेऊन गेल्या, पट्ट्यांसकट. काल बघून आले. लुगड्यावर मांडलेत, चार कोपऱ्यांत ४ आणि मध्ये १. सरळ नाहीत की तिरपे नाहीत, जसे पडले तसे. धावदोऱ्याच्या ३ फेऱ्या झाल्यात. टाका इतका बारीक आहे की माझ्या मशीनला लाज वाटावी.

आता शेवटचं. जाताना मंदाताई म्हणाल्या, "माझा पाय रुंद आहे ते खरं, पण तुझी टेपही बघ एकदा." मी चिडले. मग रात्री सगळे झोपल्यावर त्यांची फूटपट्टी आणि माझी टेप शेजारी ठेवली. माझी टेप कापडी, १२-१३ वर्षांची, गळ्यात असते सदा. ५ वेळा फूटपट्टी लावून ६० इंच मोजले, तर टेप अर्धा इंच लांब! ताणली गेलीय. म्हणजे दादा, तुमचा हिशेब चुकला का?

टूलरूम_अंबड

नाही. ६० ला अर्धा म्हणजे १२ ला इंचाचा दहावा भाग, एक सूतही नाही. आणि साचा एकच असल्यामुळे सगळे चौकोन सारखेच चुकले असते. मंदाताईंचा अर्धा इंच मायेतच गेला. पण त्यांनी टेप तपासायला लावली हे योग्य केलं. आमच्याकडे मोजायची साधनं ठरावीक काळाने तपासणीला जायची, कितीही महाग असली तरी. टेप ५० रुपयांत येते, बदला.

ब्लाउजची काळजी करू नका. अंगावर माप घ्यायला आणि कापडावर आखायला एकच टेप असेल तर चूक चुकीला खाते. घोटाळा फक्त एका ठिकाणी होईल: कोणी स्वतःच्या टेपने माप घेऊन कागदावर लिहून दिलं असेल तर. ३६ च्या मापाला ब्लाउज ३६ वर २ सूत सैल होईल.

सुई_हिरावाडी

मुंबईहून कागदावर मापं पाठवणाऱ्या २ जणी आहेत. दोघी दर वेळी म्हणतात, "काकू, बाकी सगळं छान, जरा सैल झालाय." आणि मी दर वेळी सांगते की तुम्ही बारीक झालात. खूश होऊन पुढचं कापड पाठवतात.

टेप उद्या आणते.